खाणीच्या तांबड्या पाण्यात पळणारं शेवाळ जगतं कसं?

बाय, डिचोलीकडच्या बंद खाणीतलं पाणी पावसात तांबडं होतं, हातभर खालचं काही दिसत नाही, तरी त्याच्या थेंबात हिरवे-तपकिरी ठिपके पळताना दिसले, ते जगतात कशावर असं तू विचारलंस. "उजेड नाही म्हणजे शेवाळ मेलंच" असं तुला सांगितलं गेलंय ते खरं नाही. मी बरीच वर्षं तळ्यांचं पाणी बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट पोहण्याची. क्लॅमिडोमोनास नावाच्या एकपेशीय हिरव्या शेवाळाला दोन बारीक धागे असतात, फ्लॅजेला म्हणतात त्यांना, आणि उजेड कुठून येतो ते कळायला एक लाल ठिपका. सेकंदाला साधारण 100 मायक्रॉन पोहतं, म्हणजे सरळ गेलं तर तासाला 36 सेंटिमीटर. कमी वाटेल, पण गढूळ पाण्यात उजेड आणि काळोख यांच्यात अंतर तरी कितीसं असतं! स्वीडन-फिनलंडच्या तपकिरी तळ्यांत गोनिओस्टोमम नावाचं शेवाळ आहे, ते दिवसा वर येतं आणि रात्री खाली उतरतं, कारण फॉस्फरस खालच्या थरात जास्त असतो.

पण खरी गंमत खाण्यात आहे. आपण शेवाळ म्हणजे झाडाचा भाऊ असं धरून चालतो, तिथेच चुकतो. डायनोब्रायॉन, ऑक्रोमोनास ही मंडळी क्लोरोफिल असूनही बॅक्टेरिया गिळतात, धागे हलवून पाण्याचा प्रवाह ओढतात आणि त्यातला बॅक्टेरिया धरून पोटात घेतात. तळ्याच्या एका मिलिलिटर पाण्यात बॅक्टेरिया दहा लाखांच्या घरात सहज असतात, पाला कुजत असला तर बघायलाच नको, म्हणजे काळोखातही ताट वाढलेलंच. त्यातून नायट्रोजन-फॉस्फरसही मिळतो. युग्लिना गिळत नाही पण पाण्यात विरघळलेलं ॲसिटेटसारखं अन्न शोषून अंधारात वाढते. क्रिप्टोमोनासकडे तर फायकोएरिथ्रिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं, क्लोरोफिल सोडून देतं तो हिरवा उजेड ते पकडतं.

यापेक्षा कठीण जागा म्हणजे अंटार्क्टिकाचं लेक बॉनी. वर बारमाही 3 ते 5 मीटर बर्फ, हिवाळ्यात साधारण चार महिने सूर्यच नाही, तरी तिथे 17 मीटर खोलीवरून पोहणारं क्लॅमिडोमोनास मिळालंय. त्याच भागातल्या फ्रिक्सेल आणि होर तळ्यांतली क्रिप्टोफाइट, म्हणजे क्रिप्टोमोनासच्या गटातली, शेवाळं बॅक्टेरिया खाऊन दिवस काढतात. आपल्या वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, संधी मिळाली तर जरूर जाऊन ये.

आता तू काय करायचं ते सांगतो. पाणी त्याच दिवशी बघ, तापलेल्या गाडीत बंद बाटली ठेवलीस तर संध्याकाळपर्यंत आतलं सगळं मेलेलं असतं. अर्धं पाणी काचेच्या बाटलीत घे, काळा कागद गुंडाळ, एका बाजूला नखाएवढं भोक ठेव आणि तासाभराने भोकाजवळचा थेंब बघ. तिथे गर्दी झाली तर उजेडाकडे पोहणारी शेवाळं आहेत. मग त्या थेंबात आयोडीन टाक, निळं-काळं झालं तर आत स्टार्च आहे, क्लॅमिडोमोनासचं कूळ असू शकतं, युग्लिना तशी निळी होत नाही कारण तिची साठवण वेगळी असते.

आणि एक, नमुना घ्यायला खड्ड्यात उतरू नकोस. पावसात त्या कडा निसटतात आणि पाणी काठापासूनच खोल असतं. दोरीला बाटली बांधून वरूनच सोड, सोबत कुणीतरी असू दे.