लॅन केबलमधून गेटवरच्या कॅमेऱ्याला वीज देता येते का? त्याच केबलला चुकून लॅपटॉप लावला तर जळेल का?

तुमचं गेट ऑफिसपासून ८० मीटरवर आहे, तिथे लाइटचा पॉइंट नाही आणि वायरमन वेगळी लाइन ओढायला सांगतोय. ती ओढायची काही गरज नाही. मी कॅमेरे आणि नेटवर्क बसवायचंच काम करतो, असे गेट रोजचे आहेत. पीओई, म्हणजे 'पॉवर ओव्हर इथरनेट' वापरा. १०० मीटरपर्यंत डेटा आणि वीज दोन्ही एकाच केबलमधून बिनबोभाट जातात.

आधी लॅपटॉपचं. नेटवर्क स्विचवर, म्हणजे ऑफिसमधल्या ज्या डब्याला ही केबल लागते त्यावर, ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी असं पीओईचं मानक छापलेलं असेल तर लॅपटॉपला काही होत नाही. असा स्विच पोर्टवर आंधळेपणाने वीज सोडत नाही. आधी १० व्होल्टच्या आतला किरकोळ दाब लावून पलीकडे साधारण २५ किलोओहमचा रेझिस्टन्स सापडतो का, ते चाचपतो. पीओई कॅमेऱ्यात ही खूण मुद्दाम ठेवलेली असते, लॅपटॉपमध्ये नसते. खूण पटली तरच ४८ व्होल्टच्या आसपास वीज सुरू. कॅमेरा उपसून काढला की अर्ध्या सेकंदाच्या आत ती बंदही होते.

पोर्ट जाळतो तो दुसरा प्रकार, २४ व्होल्टचा 'पॅसिव्ह' इंजेक्टर, म्हणजे लॅन केबलमध्ये वीज घालणारा छोटा अडॅप्टर. छतावरच्या वायफाय रेडिओबरोबर हा बरेचदा येतो. तो काही विचारत नाही, कायम चालू. तसला कुठे पडलेला असेल तर त्यावर मार्करने मोठ्ठं 'पॅसिव्ह' लिहून ठेवा.

आता तुम्ही न विचारलेलं, पण तुमच्या गेटवर नक्की होणारं. कोणीतरी येऊन म्हणेल, "पीओई कशाला? लॅन केबलमधली निळी आणि तपकिरी तारांची जोडी मोकळीच आहे, त्यातून १२ व्होल्टचा अडॅप्टर देऊन टाकू, स्वस्तात होईल." ८० मीटर चांगल्या तांब्याच्या केबलमध्ये या दोन जोड्यांचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स साधारण ७ ओहम भरतो. कॅमेऱ्याला १० वॅट लागले तर ४८ व्होल्टला करंट जेमतेम ०.२ अँपिअर, वाटेत दीड व्होल्ट जातो, कुणाला पत्ताही लागत नाही. १२ व्होल्टला त्याच तारांमधून ५ वॅटच्या वर काही पोचूच शकत नाही, गणितातच बसत नाही. कोयनेची वीज मुंबईपर्यंत उच्च दाबाने आणतात, त्यामागचं गणित हेच.

गंमत म्हणजे दिवसा हे जुगाड चालतं. बसवणारा पैसे घेऊन जातो. अंधार पडला की कॅमेरा इन्फ्रारेड दिवे लावतो, दाब कोसळतो, कॅमेरा रीस्टार्ट होतो. चालू झाल्यावर त्याला परत अंधार दिसतो, परत दिवे, परत बंद. रात्रभर हाच खेळ, आणि सकाळी रेकॉर्डिंग बघावं तर नेमकी रात्रच गायब.

पीओई स्विच लावूनही असं होत असेल तर मी आधी केबलकडे बघतो. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच केबल तांब्याच्या नसतात, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. रेझिस्टन्स दीडपट, आणि तार दोन-चारदा वाकवली की तुटते. घेण्याआधी एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर पेटी परत करा. दुकानदार "सगळे हीच नेतात" म्हणेल, म्हणू दे.

वॅटचा हिशेब साधा आहे. २००३ च्या एएफ मानकात स्विच पोर्टला १५.४ वॅट देतो, त्यातले १२.९५ कॅमेऱ्याला मिळतील हे धरून चालायचं. बाकीचे वाटेतल्या नुकसानीसाठी. साध्या कॅमेऱ्याला हे भरपूर. फिरणारा, झूमवाला घ्यायचा असेल तर ३० वॅटचं एटी लागतं. २०१८ मध्ये ९० वॅटपर्यंतचं बीटी आलं, पण गेटवर त्याचं काही काम नाही. स्विच घेताना मात्र सगळ्या पोर्टचा मिळून किती वॅट मिळतो तो आकडा वाचा. आठ पोर्ट आहेत म्हणजे आठही पूर्ण ताकदीने चालतील असं नसतं.

शॉकची भीती नको, दाब ५७ व्होल्टच्या वर जात नाही. भीती पावसाची. गेटवरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की वीज चालू असल्यामुळे पिना भराभर हिरव्या पडतात. जोड डब्यात घ्या आणि केबल डब्यात खालून शिरवा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळून बाहेरच टपकेल. वळवाच्या विजांनी पोर्ट उडतात म्हणून अर्थिंग केलेला सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अचानक आलेला जादा दाब जमिनीत सोडणारा डबा, ऑफिसच्या टोकाला बसवा. अर्थिंगच नसेल तर तो नुसता शोभेचा, तेव्हा आधी वायरमनकडून ते तपासून घ्या.