महापालिकेला माल विकायचाय पण आत कुणी ओळखीचं नाही, छोट्या वर्कशॉपवाल्याला जमेल का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, बागेतले लोखंडी बाक आणि कचऱ्याचे डबे बनवता, आता महापालिकेला माल द्यायचा विचार आहे पण ओळख कुणाची नाही, तर यात पडावं का. मी अकरा वर्षं पाणीपुरवठा खात्यांना टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) आणि तुरटी पुरवतोय, दोन महापालिका आणि पाच-सहा नगरपरिषदा, आणि मीही कुणाचा हात धरून आलो नव्हतो. त्यामुळे जमेल हे मी खात्रीने सांगतो. फक्त टेंडर लागल्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत जे महिने जातात ते तुम्हाला झेपतील का, हे सगळ्यात आधी बघा. माझ्या माहितीतले चारजण या धंद्यातून बाहेर पडले, चौघांनाही टेंडर लागलं होतं, बिलाची वाट बघताना दुकान बंद झालं.

आधी ओळखीचंच बोलू. राज्यात २९ महापालिका आहेत आणि सगळीकडचा कारभार सारखा नाही. पण आता कुणाला बंद पाकीट घेऊन दारात उभं राहावं लागत नाही, बहुतेक टेंडर राज्य सरकारच्या महाटेंडर्स पोर्टलवर निघतं, काही खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर होते (ते केंद्राचं, २०१६ पासूनचं). आज रात्रीच महाटेंडर्स उघडा आणि नवीन टेंडर शोधायच्या आधी जुन्यांचे निकाल बघा, कुणी किती दर भरला होता, काम कुणाला गेलं, टेक्निकल म्हणजे कागदपत्रांच्या आणि पात्रतेच्या तपासणीत कोण बाद झालं, लॉगिन न करता बरंच दिसतं. बाक आणि डबे यांचे तीन-चार जुने निकाल वहीत उतरवून काढलेत की तुमच्या गावात दर कुठल्या पट्ट्यात चाललाय ते कळेल, आणि हेही कळेल की दरवेळी त्याच दोन-तीन पार्ट्या येतात की नवीन माणूसपण घुसतो. जिथे नवीन नावं दिसतात तिथून सुरुवात करा.

अटी मुद्दाम कुणाच्या मापाने शिवलेल्या असतात का? असतात कधीकधी, खोटं कशाला सांगू. मला एकदा एका ठिकाणी अशी अट दिसली की मागच्या तीन वर्षांत याच महापालिकेला पुरवठा केलेला असावा, म्हणजे नवीन माणूस जन्मात येणार नाही. मी प्री-बिड मीटिंगच्या (दर भरायच्या आधी शंका विचारायची बैठक) आधी लेखी पत्र दिलं, ईमेल केला आणि आवक-जावकला शिक्का मारून पोच घेतली, एवढंच लिहिलं की कोणत्याही शासकीय किंवा निमशासकीय संस्थेचा अनुभव ग्राह्य धरावा म्हणजे स्पर्धा वाढेल. आठ दिवसांनी शुद्धिपत्रक निघालं आणि अट बदलली. दरवेळी बदलेल असं नाही, पण लेखी प्रश्न फाइलला लागला की त्याला उत्तर द्यावं लागतं, तोंडी भांडणाला कुणी उत्तर देत नाही. तुमच्या बाबतीत अशी अट बहुतेक स्पेसिफिकेशनमध्ये सापडेल, पत्र्याची जाडी, पाइपचा गेज, पावडर कोटिंग, आणि सगळं मिळून एकाच कंपनीच्या कॅटलॉगशी जुळणारं माप. ते शांतपणे वाचा.

आणि कुणी पैसे मागितले तर? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीपासून देणाराही गुन्हेगार धरला जातो, जबरदस्तीने द्यावे लागले असतील तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच सुटका. लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४ आहे, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

तांत्रिक तयारी फार अवघड नाही. क्लास थ्रीची डिजिटल सही, सहीची आणि एन्क्रिप्शनची अशी दोन्ही सर्टिफिकेटं असलेलं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं) घ्या. जीएसटी, पॅन, उद्यम नोंदणी (फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका), मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद सीएच्या सहीचे. दर भरायची जी एक्सेल फाइल असते, बीओक्यू, तिचं नाव बदलायचं नाही, डाउनलोड झालेल्याच नावाने परत चढवायची, नाहीतर सिस्टिम घेत नाही. सगळं अपलोड झाल्यावर फ्रीझचं बटण दाबायचं, ते राहिलं तर बिड गेलंच नाही असं समजा. ईएमडी, म्हणजे बिडबरोबर भरायची बयाणा रक्कम, शेवटच्या दिवशी एनईएफटीने भरू नका. माझं एक टेंडर असंच गेलंय, पैसे दुपारी बारा वाजता पाठवले, तीन वाजता मुदत संपली तोपर्यंत पोर्टलला ते दिसलेच नाहीत, दर मात्र माझाच सगळ्यात कमी निघाला असता. त्या दिवसापासून मी ईएमडी निदान तीन दिवस आधी भरतो.

ईएमडीचं आणखी एक, कारण यात फार लोक फसतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ईएमडी माफ, २५ टक्के खरेदी त्यांच्याकडूनच, हे २०१२ चं धोरण तुम्हाला सगळे सांगतील. ते केंद्राची खाती आणि केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांच्यावर बंधनकारक आहे, महापालिकेवर नाही. महापालिकेच्या टेंडरमध्ये सूट लिहिली असेल तरच मिळते. उद्यमचं सर्टिफिकेट जोडून ईएमडी न भरता बिड टाकलं आणि पहिल्याच, कागदपत्रांच्या ऑनलाइन लिफाफ्यात बाद झाले, असे लोक मी बघितलेत, दुसरा दराचा लिफाफा मग उघडतच नाहीत.

आता पैशाचं, इथे जरा नीट बसून हिशोब करा. धरा तुम्ही दहा लाखांचे बाक दिले. १८ टक्के जीएसटी धरून बिल झालं ११ लाख ८० हजार. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला जीएसटी भरायचा, महापालिकेने पैसे दिलेत का नाहीत हे तिथे कुणी विचारत नाही, कच्च्या मालाची क्रेडिट वजा जाता जे उरेल ते तुमच्या खिशातून. करार अडीच लाखांच्या वरचा असेल तर महापालिका दोन टक्के जीएसटी टीडीएस बिलातूनच कापते, म्हणजे दहा लाखांवर वीस हजार, ते तुमच्या जीएसटीच्या कॅश लेजरला (पोर्टलवरच्या तुमच्या खात्याला) येतात पण पोर्टलवर जाऊन तुम्ही ॲक्सेप्ट करावे लागतात, माझे पहिल्या वर्षी कितीतरी महिने तसेच पडून होते कारण मला कुणी सांगितलंच नव्हतं. सुरक्षा अनामत पाच टक्के धरली तर अजून पन्नास हजार, ते वॉरंटी संपेपर्यंत अडकले. म्हणजे हातात येणार ११ लाख १० हजार, आणि तेसुद्धा धरा पाच महिन्यांनी. लोखंडवाला तुम्हाला तीस दिवसांच्या वर उधारी देणार नाही. तुमचे आठ लाख पाच महिने अडकले आणि बँकेचं कॅश क्रेडिट महिन्याला एक टक्क्याने पडलं तर चाळीस हजार तिथेच गेले, आठ टक्के नफा धरला असेल तर त्यातला अर्धा. म्हणून दर भरताना हे चाळीस हजार आधीच दरात घाला. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, यायच्या नादात काढून टाकू नका, त्यापेक्षा टेंडर दुसऱ्याला गेलेलं परवडतं.

बिल उशिरा का निघतं तेही आतून बघितलंय म्हणून सांगतो. दरवेळी कुणी अडवून धरतं असं नसतं, बऱ्याचदा कागद कमी असतो. माझं एक बिल लेखा विभागातून तीन आठवड्यांनी परत आलं, कारण काय तर साठा रजिस्टरचा पान नंबर बिलावर नव्हता. तिथल्या बाई म्हणाल्या, "अहो, माल स्टोअरला चढलाय हे मला कशावरून कळणार? पान नंबर टाकून स्टोअरकीपरची सही आणा, उद्याच पुढे पाठवते." आणि खरंच दुसऱ्या दिवशी फाइल पुढे गेली. तेव्हापासून मी बिलाबरोबर पुरवठा आदेशाची प्रत, चलानची शिक्का असलेली प्रत, तपासणी अहवाल, पान नंबर, करारनाम्याची प्रत असं सगळं एकाच गठ्ठ्यात देतो आणि वर यादी चिकटवतो. माल उतरवताना चलानवर तारीख, नाव आणि शिक्का घेतल्याशिवाय गाडी सोडायची नाही. बाक तर दहा बागांत बसवावे लागतील, प्रत्येक ठिकाणी मोबाइलने फोटो काढा, बाक बसवलाय आणि मागे बागेची पाटी दिसतेय असा. अजून एक, बजेटमध्ये त्या लेखाशीर्षाखाली तरतूद आहे का हे आधीच विचारा, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बिल घेऊन जायची वेळ येऊ देऊ नका, तेव्हा प्रत्येक टेबलावर गठ्ठे असतात.

आता तुमच्यासाठी चांगली गोष्ट. तुम्ही स्वतः माल बनवता, त्यामुळे २००६ चा एमएसएमई कायदा तुमच्या बाजूने आहे. माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, करारात कितीही मोठी मुदत लिहिली असली तरी, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन टाकता येते, ती सुलभीकरण परिषदेकडे (असे पैशाचे वाद सोडवणारी संस्था) जाते, आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तर तो कोर्टात उलटवायला समोरच्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. पण उद्यम नोंदणी कामाच्या आधीची पाहिजे, भांडण झाल्यावर काढलेली धरून वाद होतात. मी नुसता विकणारा, ट्रेडर, मला उद्यम मिळालं तरी उशिराच्या पेमेंटचा हा आधार नाही, आणि याचं मला दरवर्षी वाईट वाटतं, कारण पैसे माझेही तेवढेच अडकतात. तुम्हाला हक्क आहे तर बिलावर उद्यम नंबर छापा. लगेच तक्रार करा असं म्हणत नाही, पहिलं पत्र साधं आठवणीचं द्या, ४५ दिवसांचा उल्लेख करून. बऱ्याच वेळा तेवढ्याने फाइल हलते.

मालाच्या बाबतीत एक माझी चूक सांगतो. दुसऱ्या वर्षी मी एप्रिलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून टीसीएलची पाचशे पोती भरून ठेवली, पत्र्याच्या शेडमध्ये. टीसीएलमधला क्लोरीन उन्हाने, दमटपणाने उडून जातो हे मला माहीत होतं, तरी ठेवली. जूनमध्ये फिल्टर प्लांटवर माल टाकला, केमिस्टने मधल्या पोत्यातून नमुना काढला, टेंडरमध्ये ३३ टक्के पाहिजे आणि आला २९. सगळा लॉट परत. पाऊस सुरू झालेला, नदीचं पाणी गढूळ, आणि त्या प्लांटवर चार दिवस पुरेल एवढाच साठा होता. मी रात्रीत दुसऱ्याकडून ताजा माल महाग घेऊन पोचवला, कारण ते पाणी लोकांच्या घरात जाणार होतं. तुमच्या बाकावर म्हातारी माणसं बसणार आहेत, तेव्हा नमुना एका गेजचा आणि लॉट दुसऱ्या गेजचा असं कधी करू नका, वेल्डिंग नमुन्यावर जसं केलं तसंच शेवटच्या बाकापर्यंत.

सुरुवात लहान करा. मोठ्या टेंडरच्या खाली प्रभाग कार्यालयं आणि नगरपरिषदा दरपत्रकं मागवून थोडी थोडी खरेदी करतात, वीस-पंचवीस डब्यांचं काम असतं, त्यात पैसे कमी अडकतात आणि काम पूर्ण केल्याचा दाखला हातात पडतो. असे दोन-तीन दाखले झाले की अनुभवाची अट तुम्हाला अडवणार नाही. दाखला बिल निघाल्यावर मागू नका, काम झाल्याबरोबर मागा, साहेब बदलून गेले की नवीन साहेब जुन्या कामावर सही करायला नाही म्हणतात.

टोकन या आठवड्यात काढून घ्या. आणि बाकाचं एखादं टेंडर डोळ्यासमोर असेल तर त्यातल्या पात्रतेच्या अटी आणि स्पेसिफिकेशनचं पान इथे खाली टाका, मी रविवारी वाचून सांगतो काय विचारायला हवं ते.