दूरशिक्षणातल्या ट्यूटरने अन्यायाने गुण कापले तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की असाइनमेंटला १०० पैकी ४८ मिळाले, शेरा एकच, 'अधिक सखोल हवे', आणि फेरतपासणी मागितली तर ट्यूटर डूख धरेल अशी भीती वाटतेय. फेरतपासणी मागा. इतकं ठामपणे सांगतेय, कारण सहा वर्षांपूर्वी मी याच जागी उभी होते आणि आमच्या घरातल्या सगळ्यात शिकलेल्या माणसाने मला गप्प बसायला सांगितलं होतं.

मी गोदामात स्टोअरकीपर आहे. नोकरी सांभाळून मटेरियल्स मॅनेजमेंटचा डिप्लोमा दूरशिक्षणाने करत होते. पहिल्या दोन असाइनमेंटना ७२ आणि ७६ मिळाले. मग ट्यूटर बदलले. तिसरी असाइनमेंट एबीसी विश्लेषणाची होती. साठ्यातल्या वस्तू वर्षभराच्या वापराच्या किमतीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायच्या. वरच्या मोजक्या वस्तू 'ए', मधल्या 'बी', उरलेल्या सगळ्या 'सी'. पुस्तकात दहा वस्तूंचं तयार उदाहरण होतं, त्यावर भागलं असतं. मी माझ्या गोदामाचं केलं. साहेबांची लेखी परवानगी घेतली आणि कामाला लागले. एकूण ३१२ वस्तू. जिथे बिन कार्ड, म्हणजे रॅकवरच्या वस्तूच्या आवक-जावकीची नोंद असलेलं कार्ड, आणि लेजर जुळत नव्हतं तिथे माल हाताने मोजला. त्यात दोन रविवार गेले. बेअरिंगचे खोके उघडून मोजताना हाताचं ग्रीस वहीला लागायचं, ते डाग त्या वहीत आजही आहेत. शेवटी बेरीज केली तेव्हा दिसलं की फक्त ४४ वस्तूंमध्ये वापराच्या किमतीचा ७८ टक्के भाग आहे. मी ती बेरीज तीनदा केली. अकरा वर्षं ज्या रॅकांमधून फिरत होते, ते रॅक मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

त्या असाइनमेंटला ४१ आले. शेरा होता: 'आकडे काल्पनिक वाटतात. स्रोत दिलेला नाही. विषय समजलेला नाही.'

गुण कमी आल्याचं दुःख वेगळं असतं. 'काल्पनिक' या शब्दाने मला जे झालं ते वेगळं होतं. खोटेपणाचा आरोप होता तो, आणि तोही अशा माणसाचा, ज्याने मला कधी पाहिलेलं नाही.

माझा मोठा भाऊ प्राध्यापक आहे. दादाला फोन केला. तो म्हणाला, "पास झालीस ना? मग सोड. मार्कांसाठी मास्तरांशी भांडणं हलकेपणाचं दिसतं. आणि खरं सांगू का, पोस्टाच्या कोर्सला कसले आलेत निकष?" आमचा हा वाद जुना आहे. मी बारावीनंतर कामाला लागले, तो शिकत राहिला. दूरशिक्षण म्हणजे ज्यांना खऱ्या वर्गात जागा मिळाली नाही त्यांची समजूत काढायची सोय, हे त्याचं मत तेव्हाही होतं. मला ते तेव्हाही मान्य नव्हतं, फक्त उत्तर देता येत नव्हतं.

रागाच्या भरात मी त्याच रात्री तीन पानांचं पत्र लिहून पाठवलं. माझे कष्ट, रविवार, मुलाचं आजारपण, आधीचे ७२ आणि ७६, मैत्रिणीला मिळालेले ७०, सगळं त्यात होतं. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: गुणदान हा तपासनिसाच्या शैक्षणिक निर्णयाचा भाग असून तो अंतिम आहे. त्या दोन ओळींत मला माझी चूक कळायला हवी होती. कळायला आठवडा गेला.

ती चूक अशी. बहुतेक विद्यापीठांत 'माझ्या मते हे चांगलं लिहिलंय' या मुद्द्यावर दाद मागता येत नाही, कारण चांगलं-वाईट ठरवायचं काम तपासनिसाचं मानलं जातं. दाद लागते ती तपासण्यात झालेल्या चुकीवर. एखादं पान वाचलंच नाही, बेरीज चुकली, छापील निकष वापरले नाहीत, वेळेत दिलेल्या कामाला उशिराचा दंड लावला, असं काही दाखवता आलं तर तुमचा अर्ज पुढे सरकतो. कष्ट, आजारपण, मैत्रिणीचे गुण यांचा तिथे शून्य उपयोग. मैत्रिणीचे गुण तर चुकूनही लिहू नका. तिचा पेपर उघडला जाऊ शकतो आणि तुमचा तसाच राहतो.

आठवड्याने मी तपासून आलेली फाइल पुन्हा उघडली, या वेळी गुण न बघता. फक्त शेरे कुठे कुठे आहेत ते पाहिलं. पहिल्या पानावर तीन, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर एक, चौथ्यावर एक. त्यानंतर काहीच नाही. समास पांढरे स्वच्छ. पाचव्यापासून नवव्या पानापर्यंत एक बरोबरची खूणसुद्धा नाही. माझा स्रोत, साहेबांच्या परवानगीपत्राची प्रत, मोजणीचा तक्ता, सगळं सातव्या पानापासूनच्या परिशिष्टात होतं. चौथ्या पानाच्या तळाशी मी 'पाहा परिशिष्ट' असं लिहिलेलंही होतं.

दुसरा अर्ज एका पानाचा केला. डावीकडे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत छापलेला निकष आणि त्याचे गुण, उजवीकडे माझ्या फाइलमधला पान क्रमांक. खाली तीन वाक्यं: स्रोत नसल्याचं म्हटलं आहे, तो पान ७ वर आहे. पान ५ ते ९ वर कोणताही शेरा नाही. ही पानं तपासून निकषांप्रमाणे फेरमूल्यांकन करावं. 'अन्याय' हा शब्द घातला नाही. ट्यूटरबद्दल एक अक्षर नाही. अर्ज कार्यक्रम समन्वयकांकडे पाठवला, ट्यूटरना प्रत दिली आणि पोच मागून घेतली.

असाइनमेंट दुसऱ्या तपासनिसाकडे गेली. ६३ झाले.

आता ६३ का, ७६ का नाहीत, हेही सांगते, कारण इथेच मला खरं शिकायला मिळालं. दुसऱ्या तपासनिसाने नवव्या पानावर लिहिलं होतं: 'सी गटातील वस्तूंकडे कमी लक्ष द्यावे, हा निष्कर्ष घाईचा आहे. स्वस्त वस्तूअभावी यंत्र थांबत असेल तर काय?' मी खुर्चीवरून उठले. आमच्याकडे एक रबरी रिंग आहे, पूर्ण यादीत शेवटून पाचवी. ती संपली म्हणून एक अख्खी लाइन दीड दिवस बंद पडलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. वस्तू किमतीवर एबीसी लावायच्या आणि निकडीवर व्हीईडी, म्हणजे अत्यावश्यक, आवश्यक आणि असली तर बरी, आणि दोन्ही तक्ते एकमेकांशेजारी ठेवायचे. हे मला कामातून माहीत होतं आणि पेपरात मी लिहिलं नव्हतं. ते गुण जायलाच हवे होते. पुढच्याच महिन्यात मी गोदामात त्या रिंगचा किमान साठा वाढवून घेतला.

एका ओळीचा शेरा, पण असं शिकवणं मला त्या अख्ख्या वर्षात दुसरीकडे मिळालं नाही. दादाला द्यायचं उत्तर मला इथे सापडलं. वर्गात बसणाऱ्याला शिक्षकाचा चेहरा दिसतो, तास संपल्यावर दारात गाठता येतं. आम्हाला शेरा मिळतो, तेवढाच. तोच आमचा वर्ग. आणि हे आजचं नाही. आयझॅक पिटमन यांनी इंग्लंडमध्ये १८४० साली टपालाने लघुलिपी शिकवायला घेतली. विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचे आणि तो दुरुस्त होऊन परत यायचा. टपालातून नुसते धडे पाठवण्यापेक्षा ती दुरुस्ती महत्त्वाची होती. ब्रिटनच्या १९६९ साली स्थापन झालेल्या ओपन युनिव्हर्सिटीत ट्यूटरने तपासलेल्या असाइनमेंटमधल्या काही दुसऱ्या अनुभवी व्यक्तीकडून पाहिल्या जातात, आणि त्यात गुणांबरोबर शेऱ्यांचा दर्जाही बघतात. म्हणजे पोस्टाच्या कोर्सला निकष असतात, दादा. ते पाळले जातात का हे विचारणं हलकेपणाचं नाही.

आणि 'मास्तरांनी दिले ते बरोबरच असणार' हेही मला पटत नाही. १९१२ साली अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. त्यातल्या एका कागदाला मिळालेल्या गुणांत चाळीसपेक्षा जास्त गुणांची तफावत निघाली. लोक म्हणाले, भाषेत असं होणारच. मग त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तिच्यात तफावत आणखी मोठी निघाली. ते सगळे शिक्षक वाईट नव्हते. कोणी मांडणीचे गुण कापले, कोणी नाही, आणि कशाला किती हे आधी ठरलेलंच नव्हतं. निकष छापलेले असतात ते याचसाठी, आणि छापलेत तर वापरायला हवेत.

तर तुमच्याबद्दल. 'अधिक सखोल हवे' या शेऱ्यावर थेट फेरतपासणी मागण्याआधी ट्यूटरना एक पत्र लिहा: कोणत्या निकषावर किती गुण गेले आणि कोणत्या पानावर काय हवं होतं? गुण वाढवून मागू नका, शेरा मागा. काही जण याला नीट उत्तर देतात आणि प्रकरण तिथेच मिटतं. उत्तर आलं नाही तर तेच पत्र पुढच्या अर्जाला जोडता येतं. हे सगळं लेखी करा, फोनवर नको, आणि दाद मागायची मुदत पुस्तिकेत बघून ठेवा. मुदत उलटली की कितीही खरं असलं तरी ऐकत नाहीत.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. फेरमूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात आणि अनेक ठिकाणी नवे गुण बंधनकारक असतात, तेव्हा नियम वाचल्याशिवाय अर्ज करू नका. आणि फरक तीन-चार गुणांचाच वाटत असेल तर सोडून द्या, तेवढा फरक एकच माणूस तोच पेपर पुन्हा तपासतानाही पडू शकतो.

डूख धरेल का, हा तुमचा खरा प्रश्न होता. तुमच्या ट्यूटरबद्दल मी शब्द देऊ शकत नाही, माझं सांगते. चौथी असाइनमेंट त्याच ट्यूटरकडे गेली. ५८ आले. माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं. मग फाइल उघडली. आठही पानांवर शेरे होते, एकूण एकवीस. मी एकेक वाचले. एकोणीस बरोबर होते. उरलेल्या दोनांबद्दल मी पत्राने विचारलं. त्यांनी एक मान्य केला आणि दुसऱ्यावर मला पाऊण पान समजावून लिहिलं. त्या ५८ साठी मी अर्ज केला नाही.