ऑफ-रोडिंगसाठी गाडी घेताना मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

तुम्ही विचारलंय की पहिलीच फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी, घेताय. आठवडाभर ती ऑफिसला न्यायची आणि सुट्टीत डोंगर, वाळू, नाले. मित्र सांगतात, ‘ऑफ-रोडिंग करायचं तर मॅन्युअलच, ऑटोमॅटिक शहरात बरी.’ आणि तुमचा हात तर ऑटोमॅटिकवर बसलेला. मी दोन्ही चालवतो. आज एकच घ्यायची झाली तर टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारी) ऑटोमॅटिक घेईन, पण तिला लो रेंज, म्हणजे गाडी फार हळू पण जास्त जोराने चालवणारी गिअरची जादा जोडी, असेल तरच. लो रेंज नसेल तर मॅन्युअल की ऑटोमॅटिक हा वाद खडकाळ वाटेपुरता तरी निरर्थक आहे.

का, ते सांगतो. इंजिन साधारण सातशे-आठशे आरपीएमच्या खाली फिरू शकत नाही, बंद पडतं. चाक मात्र दगडावर चढताना जवळजवळ उभं असतं. एक फिरतंय, दुसरं उभं आहे. हा फरक मध्ये कुणीतरी झेलावा लागतो, आणि जो झेलतो तो तापतो. मॅन्युअलमध्ये झेलते क्लच प्लेट. ती कोरडी असते, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये घासते आणि तिला थंड करायला तिथे काहीच नसतं. ऑटोमॅटिकमध्ये हेच काम टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल करतं. तेही तापतं, पण ते फिरत असतं, कूलरमधून जाऊन परत येतं. हाफ क्लचवर चढावर गाडी धरून ठेवली तर थोड्याच वेळात जळका वास केबिनमध्ये येतो. पुढची पायरी म्हणजे इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. ऑटोमॅटिकमध्ये तेवढाच वेळ तसंच थांबलात तर बहुतेक वेळा काहीच होत नाही.

लो रेंज हा फरकच कमी करते. आकड्यांत बघा. २०१८ मध्ये आलेल्या पिढीची जीप रँग्लर रुबिकॉन घेऊ, कारण तिचे आकडे उघड आहेत. मॅन्युअलच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर ५.१३, अ‍ॅक्सल ४.१०, ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीची) लो रेंज ४. गुणाकार साधारण ८४. म्हणजे इंजिन ८४ वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं. ७५० आरपीएमच्या आयडलला (पाय न देता इंजिन आपलं फिरतं तेव्हा), चाकाचा घेर २.६ मीटर धरला, तर गाडी ताशी सुमारे १.४ किलोमीटर वेगाने सरकते. तीच गाडी लो रेंज न टाकता पहिल्या गिअरमध्ये आयडलला साडेपाच किलोमीटरने जाते, म्हणजे माणसाच्या झपझप चालीने. दगडावर हा वेग फार होतो. मग तुम्ही क्लच दाबून वेग कमी करता, आणि प्लेट तिथेच जळायला लागते. लो रेंजमध्ये क्लचला हात लावायचं, म्हणजे पाय लावायचं, कारणच उरत नाही. पाय खाली ठेवा, गाडी आपली चढते.

त्याच रुबिकॉनच्या ऑटोमॅटिकचा गुणाकार ७७ येतो. कागदावर मॅन्युअल पुढे. पण चाक उभं असताना टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क साधारण दुप्पट करून पुढे देतो, ते या गुणाकारात धरलेलंच नाही. फोर्डने २०२१ च्या ब्रॉन्कोत उलट रस्ता धरला. मॅन्युअलला सहा गिअरच्या जोडीला रांगण्यासाठी एक खास क्रॉलर गिअर दिला आणि आकडा ९४.७५ पर्यंत नेला. ऑटोमॅटिकचा ६७.८ आहे. मॅन्युअल आवडणाऱ्यासाठी इतका विचार करून बनवलेला गिअरबॉक्स हल्ली क्वचित दिसतो. बाकी वारं कुठल्या दिशेने आहे ते उघड आहे: नवी डिफेंडर आणि इनिओस ग्रेनेडियर फक्त ऑटोमॅटिकमध्ये येतात, आणि १९८४ पासून चालत आलेल्या लँड क्रुझर ७० मालिकेलासुद्धा २०२३ मध्ये २.८ लिटर डिझेलबरोबर ऑटोमॅटिक मिळाली.

आता प्रत्यक्ष वाटेवर काय होतं ते बघू. समोर गुडघाभर उंचीचा दगड आहे आणि पुढचं चाक त्याला टेकलंय. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय ब्रेकवर, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर. ब्रेक धरूनच हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. चाक दगड चाटत वर येतं, आणि माथ्यावर आलं की डाव्या पायाने तिथल्या तिथे धरायचं, म्हणजे गाडी पलीकडे धाडकन आदळत नाही. पायांखाली दोनच पेडल असल्यामुळे हे जमतं. मॅन्युअलमध्ये तीन पेडल आणि दोन पाय. कितीही मुरलेला ड्रायव्हर असला तरी एका पायाची कमतरता राहतेच. हँडब्रेकने ती थोडी भागते. एक मात्र बघा: काही गाड्यांत ब्रेक दाबला की इलेक्ट्रॉनिक्स अ‍ॅक्सिलरेटर कापून टाकतं. लो रेंजमध्येही तसंच होतं का, हे घेण्याआधी विचारून घ्या. होत असेल तर ऑटोमॅटिकचा हा मोठा फायदा गेलाच.

उभ्या चढावर गाडी अर्ध्यात थांबली, तर ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल यांतला फरक सगळ्यात जास्त कळतो. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक, रिव्हर्स, आणि सरळ रेषेत मागे. मॅन्युअलमध्ये इंजिन बंद पडलेलं असतं आणि पाय सवयीने क्लचवर जातो. क्लच दाबला की चाकं मोकळी होतात आणि गाडी मागे सुटते. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्येही एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरलेला. त्यात चाक जरा वळलं आणि गाडी आडवी झाली तर पलटायला वेळ लागत नाही. बरोबर पद्धत अशी: ब्रेक घट्ट, मग क्लच दाबून रिव्हर्स टाकायचा, क्लच पूर्ण सोडायचा, मग ब्रेक हळू सैल करायचा. गाडी बंद इंजिनाच्या कॉम्प्रेशनवर उभी राहते. मग क्लच न दाबता, गिअरमध्येच स्टार्टर मारायचा. गाडी स्टार्टरवर मागे सरकते आणि इंजिन सुरू होऊन तिला धरून ठेवतं. पण हल्लीच्या बहुतेक मॅन्युअल गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत. टोयोटाने काही मॉडेल्सना ‘क्लच स्टार्ट कॅन्सल’ असं खास बटण दिलं होतं, ते याचसाठी. तुम्ही बघताय त्या मॅन्युअल गाडीत गिअरमध्ये स्टार्ट होण्याची काही सोय आहे का, हे मी इंजिनाच्या बीएचपीआधी बघेन.

उतारावर मात्र मॅन्युअलला तोड नाही, हे मान्य करायलाच हवं. फोर-लो (चारही चाकं, लो रेंज), पहिला गिअर, दोन्ही पाय खाली. इंजिन आणि चाकं दातांनी जोडलेली असतात, त्यामुळे गाडी ठरावीक वेगाच्या पुढे जाऊच शकत नाही. ऑटोमॅटिकमध्ये मध्ये तेल आहे, आणि तेल उलट्या दिशेने तितकी घट्ट पकड देत नाही. उतारावर गाडी हळूहळू वेग धरते आणि तुम्हाला ब्रेकवर यावं लागतं. सुट्या खडीवर ब्रेक लावताना चाक लॉक होण्याची धास्ती असते. यावर उपाय म्हणजे हिल डिसेंट कंट्रोल, जो उतारावर आपोआप ब्रेक लावून वेग धरून ठेवतो. लँड रोव्हरने तो १९९७ च्या फ्रीलँडरमध्ये पहिल्यांदा आणला, आणि त्या गाडीला लो रेंज नव्हती, त्याची ती भरपाई होती. हा कंट्रोल एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेच्या) मदतीने चारही चाकांना वेगवेगळा ब्रेक देतो, जे कुठल्याच माणसाच्या पायाला जमणार नाही. पण शेवटी तापतात ते ब्रेकच. लांबलचक उतार असेल तर ऑटोमॅटिकमध्येही लो रेंज आणि गिअर हाताने पहिल्यावर धरूनच उतरा, हिल डिसेंट जोडीला ठेवा. आणि कुठलीही गाडी असो, उतारावर न्यूट्रल नाही, क्लच नाही.

वाळूत पारडं परत फिरतं. वाळू चाकांना सतत मागे ओढते. मॅन्युअलमध्ये गिअर बदलायला क्लच दाबला की त्या क्षणभरात चाकांचा जोर पूर्ण तुटतो, आणि दुसरा टाकेपर्यंत ती बसलेली असते. म्हणून मुरलेले लोक दुसऱ्यातच निघतात आणि शक्यतो बदलतच नाहीत. ऑटोमॅटिकमध्ये जोर न तुटता गिअर बदलतो. फक्त ती इंधन वाचवायला लवकर वरच्या गिअरमध्ये जाते, म्हणून गिअर मॅन्युअल मोडवर धरा. आणि तेलाचं तापमान बघत राहा. ऑटोमॅटिकचं तेल एरवी साधारण ८० ते ९५ अंशांवर असतं. खोल वाळूत हाय रेंजमध्ये रेटत राहिलात तर ते १२० च्या पुढे जातं आणि तेलाचं आयुष्य झपाट्याने घटतं. उपाय पुन्हा लो रेंज. आणि टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवणं, ज्याचा फरक गिअरबॉक्सपेक्षा जास्त पडतो, पण त्यावर कुणी वाद घालत नाही म्हणून ते कुणी सांगतही नाही.

चिखलात फसल्यावर पुढे-मागे झोके देऊन गाडी काढायची असेल तर मॅन्युअल चपळ. ऑटोमॅटिकमध्ये डी आणि आर यांच्यात सारखं ये-जा करणं गिअरबॉक्सला भोवतं. फावडं काढा.

पाण्यातून जाताना मॅन्युअलवाल्यांनी क्लच दाबू नये. बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचात, पाणी शिरलेलं असेल तर ते प्लेट आणि फ्लायव्हीलच्या मध्ये जातं आणि गाडी भर पाण्यात ओढायची थांबते. आधीच गिअर ठरवा आणि पलीकडे निघेपर्यंत तोच ठेवा. ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स बंदिस्त असतो, पण त्याला श्वास घ्यायला ब्रीदर नळी असते. तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि नळीचं तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत खेचलं जातं. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी पुढे चालवू नका, आतल्या क्लचचं लायनिंग सुटायला लागतं. नळी बॉनेटच्या वरच्या टोकापर्यंत नेऊन ठेवणं हे सोपं आणि स्वस्त काम आहे. अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केसच्या नळ्यांनाही हेच लागू.

गाडी बिघडली तर मॅन्युअल जास्त दयाळू. क्लचचं हायड्रॉलिक गेलं तरी गिअरमध्ये स्टार्टर मारून, आरपीएम जुळवून गिअर टाकत घरी आणता येते, वर सांगितलेली क्लच स्विचची अडचण नसेल तर. बॅटरी उतरली तर धक्का मारता येतो; पण बॅटरी साफ मेलेली असेल तर इंजेक्शनवाली गाडी धक्क्यानेही उठत नाही, हे लोक विसरतात. ऑटोमॅटिक आतून गेली तर टो करणं हाच इलाज. तेही ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाकून किंवा ट्रकवर चढवून, कारण तिचा तेलाचा पंप इंजिनावर चालतो आणि इंजिन बंद असताना चाकं फिरली तर आतले भाग कोरडे घासतात. तुम्ही एकटे, वस्तीपासून दूर जाणार असाल तर या मुद्द्याला मी बरंच वजन देईन.

एक इशारा, जो शोरूममध्ये सहसा कुणी देत नाही. ‘ऑटोमॅटिक’ या पाटीखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एएमटी म्हणजे मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, क्लच फक्त मशीन दाबतं. प्लेट तीच, जळणंही तेच, वर ती कधी दाबायची हे तुमच्या हातात नाही. ड्राय क्लचवाला डीसीटी (दोन कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स) चढावर रांगताना तापतो आणि इशारा देऊन थांबतो. सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी) बर्फात किंवा कच्च्या रस्त्यावर चालून जाते, पण दगडावर एका चाकाची पकड सुटून पुन्हा अचानक बसली की तो झटका पट्ट्याला सोसत नाही. वर मी ऑटोमॅटिकचं जे कौतुक केलंय ते फक्त टॉर्क कन्व्हर्टरचं आहे. या चारांतली उरलेली कुठलीही मिळणार असेल तर माझं मत उलटं: मॅन्युअल घ्या.

लहान इंजिनाबद्दलही वेगळा विचार करा. सुझुकी जिम्नीची मॅन्युअल पाच गिअरची आणि ऑटोमॅटिक चार गिअरची आहे. चारच गिअर असले की हायवेवर इंजिन ओरडत राहतं आणि घाटात दोन गिअरच्या मधली दरी जाणवते. वाटेवर ती ऑटोमॅटिकही छान रांगते, पण तुमचा रोजचा प्रवास लांबचा असेल तर तिथे मी मॅन्युअलकडे झुकेन.

तुम्ही रोज ऑफिसला जाणार, हात ऑटोमॅटिकवर बसलेला, वाटेवर नवे. गिअरची काळजी नसली की डोळे चाक कुठे पडतंय याकडे राहतात, आणि नव्या माणसाला तेच सगळ्यात जास्त लागतं. म्हणून टॉर्क कन्व्हर्टर आणि लो रेंज. टेस्ट ड्राइव्हला गेलात की एखादा उतार मागून घ्या, फोर-लो टाका, गिअर हाताने पहिल्यावर धरा, हिल डिसेंट बंद ठेवा आणि दोन्ही पाय उचला. गाडी माणसाच्या चालीच्या आत राहिली तर पैसे भरायला हरकत नाही. ती पळायला लागली तर विक्रेत्याला त्याच मॉडेलची मॅन्युअल काढायला सांगा आणि त्याच उतारावर पुन्हा बघा.