वन नाही तर वणवा कसला?

प्रश्न थोडक्यात असा होता: सासवडकडच्या एका टेकडीवर गवत पेटलं, सगळे 'वणवा' म्हणाले, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या मित्राचं म्हणणं की शब्दातच 'वन' आहे, म्हणजे तिथे आधी दाट वन असणार आणि ते तोडलं गेलं असणार. तर वन नसताना वणवा म्हणावं का, आणि असल्या गवताळ, मोकळ्या प्रदेशाला, म्हणजे सॅव्हानाला, मराठीत काय म्हणायचं?

पहिलं सोपं आहे. वन अधिक दव. संस्कृतात दव म्हणजे रानातली आग, दावानल आणि दावाग्नी त्याच घरातले, आणि वनदव घासून घासून आपला वणवा झाला. आपल्याला दव म्हटलं की पहाटेचे थेंब आठवतात पण तो शब्द वेगळा, जुन्या लिखाणात त्याच्यावर अनुस्वार असायचा, दंव.

आता मित्राचा तर्क. तेल म्हणजे मुळात तिळाचं, तरी आपण शेंगदाण्याचं तेल म्हणतोच ना, त्यावरून घाण्यात आधी तीळ होते असं कोणी म्हणत नाही. डोंगर पेटला की वणवा, मग झाडं जळोत की गवत. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे जमिनीचा सातबारा नव्हे.

बरं, उलट दाखलाही आहे आणि तो मला फार आवडतो. 'जंगल' हा शब्द संस्कृत जांगल वरून आला आणि जांगल म्हणजे दाट झाडी नव्हेच! आयुर्वेदात देशाचे प्रकार सांगितलेत, त्यात पाणथळ तो आनूप आणि कोरडा, मोकळा तो जांगल. चरकसंहितेत जांगल देशाचं वर्णन आहे, भरपूर आकाश दिसणारा प्रदेश, आणि झाडं कुठली तर खैर, धावडा, बोर, टेंभुर्णी असली. म्हणजे सॅव्हानाला शब्द शोधत आपण फिरतोय आणि तो आपणच दाट झाडीला देऊन बसलोय. रान बघा, अरण्याचं रान झालं आणि देशावर 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय.

हे नुसतं शब्दांचं खेळणं नाहीये. पुरातत्त्व अभ्यासक दिग्विजय पाटील आणि परिसंस्थाशास्त्रज्ञ आशिष नेर्लेकर यांनी 2025 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातलं जुनं मराठी वाङ्मय, लोककथा, गाणी तपासली, अगदी 13व्या शतकापासूनची, आणि त्यात कुठल्या रानटी झाडांची नावं येतात ते बघितलं, तर तरवड, बाभूळ अशी उघड्या माळावरची झाडंच जास्त निघाली. म्हणजे हे माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचा उरलेला सांगाडा नाहीत, निदान साडेसातशे वर्षं तरी ते माळच आहेत. साक्ष काढायची तर अशी काढावी, झाडांच्या नावांवरून, एका 'वणवा'वरून नाही.

परिसंस्थाशास्त्रज्ञ जयश्री रत्नम आणि महेश शंकरन वगैरे मंडळींनी 2011 मध्येच मांडलं होतं की झाडं किती यापेक्षा खाली काय वाढतं ते बघा. खाली उन्हावर जगणारी गवतं सलग असतील तर तो सॅव्हाना, भले वर झाडं बऱ्यापैकी असोत. ही गवतं सावलीत टिकत नाहीत, आगीतून मात्र उठतात, कारण कोंब जमिनीलगत असतात. कुसळी गवताचं तर बीच बघा, त्याचं ते कुसळ ओल लागली की पीळ सोडतं, वाळलं की परत पिळतं आणि बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. आपल्या पायजम्यात शिरतं ते याच कारणाने, चीड येते पण अक्कल जबरदस्त! वरून आग गेली तरी मातीतलं बी वाचतं.

म्हणून सॅव्हानाला माझं मत 'माळरान'. माळढोकाच्या नावातही माळ आहे, वन नाही. 'पडीक' मात्र कृपा करून म्हणू नका, सरकारी नोंदीत एकदा पडीक लागलं की कोणीतरी खड्डे खणून झाडं लावायला येतो नाहीतर प्लॉट पाडायला.

याचा अर्थ दर वर्षी काडी लावा असा नाही हं. दर उन्हाळ्यात पेटवत राहिलं की नवी रोपं मोठी होतच नाहीत, आणि पक्ष्यांची जमिनीवरची घरटी, सरडे, साप सगळं भाजतं. आणि इथे मराठीचं व्याकरण चोराला सामील आहे. 'वणवा लागला' म्हणतो आपण, जसा पाऊस लागला. आपल्याकडे विजा बहुतेक पावसासोबतच येतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमधला वणवा जवळपास नेहमी माणसानेच लावलेला असतो, मुद्दाम नाहीतर विडी टाकून. कोकणात, मावळात भाताच्या रोपांसाठी कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या-पाला) आणि शेण पसरून जाळतात त्याला कोणी 'राब लागला' म्हणत नाही, 'राब भाजला' म्हणतात. तिथे कोणी भाजला हे गावाला माहीत असतं.