मुलीच्या थेरपिस्टकडून ताब्यासाठी पत्र घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की घटस्फोटाच्या प्रकरणात तुम्ही आईच्या वकील आहात, आठ वर्षांच्या मुलीची थेरपी सुरू आहे, तर 'ताबा आईकडेच असावा' असं पत्र थेरपिस्टकडून घ्यावं का, आणि अशा खटल्यांत मानसशास्त्रज्ञांची मदत नेमकी कशी घ्यायची. मी मानसशास्त्रज्ञ आहे आणि ताब्याच्या वादांत न्यायालयासाठी मूल्यमापन करते. माझं उत्तर स्पष्ट आहे: ते पत्र घेऊ नका.

थेरपिस्ट मुलीला सावरण्यासाठी असते. मुलगी सांगते ते ती ऐकून घेते. खरंखोटं पडताळायला शाळेत किंवा वडिलांकडे जात नाही, आणि ते तिचं कामही नाही. उलटतपासणीत पहिलाच प्रश्न येईल, "वडिलांना तुम्ही किती वेळा भेटलात?" उत्तर "एकदाही नाही" असेल तर पत्राचं वजन तिथेच संपलं. तेही एक वेळ चालेल. पण आपण थेरपीत बोललेलं कोर्टात वाचलं गेलं हे मुलीला कळलं, की ती बोलणंच बंद करते. आईवडिलांच्या भांडणात मन मोकळं करायला तिला बहुधा तेवढी एकच जागा असते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ताब्याच्या मूल्यमापनासाठी १९९४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा सुधारली. एकाच कुटुंबात दुहेरी भूमिका, म्हणजे उपचारही आणि मूल्यमापनही, घेणं टाळा, हे त्यांत सांगितलेलं आहे. थेरपिस्टला समन्स आलंच, तर तिने मुलगी कधीपासून येते, कशासाठी येते आणि तिथे प्रत्यक्ष काय दिसलं, एवढ्यावरच थांबावं. ताबा कोणाला द्यावा यावर मत देऊ नये. नोंदी कितपत उघड करायच्या हे तुमच्याकडच्या कायद्यावर ठरेल.

म्हणून मानसशास्त्रज्ञाला फोन करण्याआधी ती कोणत्या भूमिकेत हवी आहे ते ठरवा आणि लेखी ठरवा. मूल्यमापन करणारी व्यक्ती न्यायालयाने नेमलेली किंवा दोन्ही बाजूंनी मिळून निवडलेली असावी. ती दोन्ही पालकांना स्वतंत्रपणे भेटते, मुलाला प्रत्येकासोबत पाहते, शिक्षक आणि डॉक्टरांशी बोलते, कागदपत्रं वाचते. तिला जे पाठवाल त्याची प्रत समोरच्या वकिलाला गेलीच पाहिजे. बाजूला घेऊन केलेला एक फोनही अहवाल संशयास्पद करायला पुरेसा होतो. सल्लागार मानसशास्त्रज्ञ मात्र तुमच्या बाजूची असते. आलेला अहवाल पद्धतशीर आहे का, कुठल्या चाचणीतून किती अर्थ काढता येतो, साक्षीदाराला काय विचारावं, हे ती सांगते. पण न भेटलेल्या वडिलांबद्दल तिच्याकडून निदान मागू नका, आणि सल्लागारालाच पुढे साक्षीदार म्हणून उभं करू नका.

मूल्यमापनासाठी तुम्ही लिहिता तो प्रश्न फार महत्त्वाचा, आणि बहुतेक वकील त्याला दोन ओळींत उरकतात. "दोघांपैकी चांगलं पालक कोण?" याचं उत्तर कोणतीही चाचणी देत नाही. त्याऐवजी विचारा: वडिलांकडे रात्री राहताना मुलीला कशाची भीती वाटते? आईच्या नैराश्याचा रोजच्या सांभाळावर काय परिणाम होतो, आणि उपचार सुरू असल्याने काय बदललं? शाळेच्या दिवसांत दोन घरांत ये-जा तिला झेपेल का? असे प्रश्न असले की अहवालातून न्यायाधीशाला आदेशात घालता येईल असं काही मिळतं.

चाचण्यांबद्दल एक गोष्ट वकिलांना माहीत असायलाच हवी. एमएमपीआय या व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावलीसारखी चाचणी ताब्याच्या वादातल्या लोकांना दिली की स्वतःला चांगलं दाखवण्याचे गुण बहुतेकांचे वाढलेले येतात. डोक्यावर मुलाच्या ताब्याची टांगती तलवार असताना कोण आपले दोष मोकळेपणाने लिहील? त्या एका आकड्यावरून समोरच्याला खोटारडा ठरवणारी उलटतपासणी ऐकली की मला मनापासून वाईट वाटतं. आणि अशिलाला चाचणीची उत्तरं शिकवू नका. भेटीत काय होईल ते समजावून तिची धास्ती कमी करणं, इतकंच योग्य.

मुलीला तर कुणीच पढवू नये. "बाबांनी मारलं ना?" असं पुन्हापुन्हा विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करणारे पालक आपल्याच मुलाच्या सांगण्याचं मोल घालवतात. खरंच मार बसला असेल, तरीही पुढे ते सिद्ध करणं अवघड होतं. प्रशिक्षित व्यक्ती "काय झालं ते सगळं सांग" इथून सुरुवात करते आणि उत्तर सुचवत नाही. अशिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा.

मूल एका पालकाकडे जायला नकार देतं तेव्हा लगेच 'दुसऱ्याने मन कलुषित केलं' असा शिक्का मारला जातो. रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ मध्ये याला 'सिंड्रोम' म्हटलं, पण डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या ग्रंथात असं निदान नाही. नकारामागे मारहाण असू शकते, दुरावलेलं नातं असू शकतं, पढवणंही असू शकतं. कधी एकाच घरात तिन्ही. कारण शोधायचं काम मूल्यमापनाचं आहे, आणि तोवर 'सिंड्रोम' हा शब्द अर्जात न वापरणंच बरं.

दोन्ही बाजू तडजोडीला तयार असतील तर आणखी एक मार्ग आहे. मिनेसोटातले वकील स्टुअर्ट वेब यांनी १९९० मध्ये सहयोगी पद्धत सुरू केली: समझोता फिसकटून प्रकरण कोर्टात गेलं तर दोन्ही वकील त्यातून बाहेर पडतात, तसा करारच असतो. पुढे त्यात मानसशास्त्रज्ञही आले. कुणी पालकांना बोलायला मदत करतं, कुणी तटस्थ राहून मुलाचं म्हणणं टेबलावर आणतं. ही पद्धत मला मनापासून आवडते. पण घरात मारहाण किंवा धाक असेल तर समोरासमोरची एकत्र बैठक नको, आणि याची चौकशी दोन्ही वकिलांनी आपापल्या अशिलाला एकट्याने भेटून, सुरुवातीलाच करायला हवी.

तुमच्या प्रकरणात मी असं करेन: थेरपिस्टला या वादापासून दूर ठेवायचं यावर समोरच्या वकिलाची लेखी संमती घ्या, आणि दोघांच्या सहीने तटस्थ मूल्यमापनासाठी अर्ज करा. सोबत वर सांगितल्यासारखे नेमके प्रश्न जोडा. मूल्यमापनाचं शुल्क आधीच ठरवा, आणि ते निकालावर अवलंबून नसावं.