पियानोचा पिनब्लॉक सीएनसीवर करताना

मित्रा, पिनब्लॉक म्हणजे पियानोच्या तारा ताणणाऱ्या पिना ज्यात ठोकतात तो लाकडी ठोकळा. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कापायचं मशीन, हाताशी आहे म्हणून लगेच लाकूड कापायला घेऊ नकोस. तारांचा ताण आधी सगळीकडून थोडा थोडा उतरव. पिनांच्या भोकांच्या जागा पियानोतल्या, तारांचा ताण पेलणाऱ्या बिडाच्या प्लेटवरून घे, जुन्या ब्लॉकवरून नको. शंभर वर्षांत तो आटलेला, वाकलेला असतो.

साधारण ७ मिलिमीटरच्या पिनेला भोक अर्ध्या मिलिमीटरने लहान ठेव. नव्या ब्लॉकसाठी घेतलेल्या त्याच मेपल लाकडाच्या तुकड्यावर दहा भोकं पाडून, पिना ठोकून, टॉर्क रेंचने (फिरवायला लागणारा जोर मोजणाऱ्या पान्याने) घट्टपणा बघ. ड्रिल तापलं की भोकाची भिंत काचेसारखी गुळगुळीत होते. मग पिन कुरकुरते, झटक्याने फिरते, सूर जागेवर बसत नाही. माझा अख्खा ब्लॉक असाच गेला, फार जीव तुटला. भुसा काळपट दिसला की मशीन तिथंच थांबव.